छायाचित्र आणि साक्षीदाराची ओळख

इ. स. १९९४ मध्ये कर्तारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'टाडा' या दहशतवादविरोधी कायद्याची बहुतेक कलमे घटनासंमत ठरवली, परंतु त्यातील बाविसावे कलम मात्र रद्दबातल केले. फरारी म्हणून जाहीर झालेल्या आरोपीची ओळख साक्षीदाराने केवळ त्याच्या छायाचित्रावरून पटवली, तरी त्या ओळखीला प्रत्यक्ष ओळखपरेडीइतकेच मोल द्यावे, अशी त्या कलमाची तरतूद होती. आणि असे मोल दिल्यास संशयित इसमावर घोर अन्याय होण्याचा संभव आहे, असे न्यायपीठाचे मत पडले. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य मानावा की नाही आणि जामिनाच्या अटी किती कठोर असाव्यात, या वादांच्या गदारोळात त्या निर्णयाच्या या भागाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तथापि माणूस आणि माणसाचे छायाचित्र यांच्यामध्ये नेमके किती अंतर आहे, हा प्रश्न त्या निर्णयाने आपल्या न्यायव्यवस्थेपुढे ठेवला, आणि छायाचित्रणविद्या, मानसशास्त्र व फौजदारी न्याय या तिन्ही क्षेत्रांत गेल्या दीडशे वर्षांत जे घडले त्याच्या आधारे त्याचे उत्तर शोधणे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत जनमानसात खोल रुजलेली आहे. तिच्यात सत्याचा अंश आहेच. भिंगासमोर जे होते त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशच पटलावर उमटतो, चित्रकाराची कल्पना नव्हे. परंतु तो प्रकाश कोणत्या दिशेने यावा, भिंग किती अंतरावर असावे, कोणता क्षण टिपावा, मागे कोणता पडदा असावा, ठसा किती गडद निघावा आणि शेवटी तो साक्षीदारापुढे कोणत्या सोबत्यांच्या पंक्तीत मांडावा, हे सर्व कोणीतरी ठरवलेले असते, अथवा कोणी ठरवले नाही म्हणून आपोआप ठरून गेलेले असते. ज्या चित्रावरून एखाद्या मनुष्याचे स्वातंत्र्य हिरावले जायचे आहे, त्या चित्राच्या घडणीतील हे निर्णय न्यायालयापुढे क्वचितच येतात, ही माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर उणीव आहे.

पोलिसांच्या दप्तरात छायाचित्र शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. प्रारंभी त्याला कसलीही शिस्त नव्हती. शहरातील एखाद्या व्यावसायिक छायाचित्रकाराकडे कैद्याला नेऊन, प्रतिष्ठित गृहस्थाची तसबीर काढावी तशी ती काढली जाई, आणि कैदीही आपला चेहरा ओळखू येऊ नये म्हणून गाल फुगवीत, डोळे मिटीत, तोंड वेडेवाकडे करीत. न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी टॉमस बर्न्स यांनी १८८६ साली व्यावसायिक गुन्हेगारांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चार जणांनी एका इसमाला घट्ट धरून कॅमेऱ्यासमोर उभे केल्याचे एक चित्र आहे. चेहरा हा स्थिर दस्तऐवज नसून क्षणोक्षणी बदलणारी वस्तू आहे, हे त्या कैद्याला त्याला धरणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले कळले होते. साधारण त्याच काळात पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात आल्फाँस बर्तियाँ या कारकुनाने या अंदाधुंदीला आळा घातला. मस्तकाची लांबी-रुंदी, मधल्या बोटाची लांबी, डाव्या पावलाची लांबी अशा मापांवरून मनुष्य ओळखण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. भारतातही ती काही काळ चालली आणि १८९७ साली बंगालमध्ये विकसित झालेल्या बोटांच्या ठशांच्या पद्धतीने तिची जागा घेतली. परंतु बर्तियाँचे अधिक टिकाऊ कार्य छायाचित्रणातील आहे. ठरावीक उंचीची खुर्ची, कॅमेऱ्याचे निश्चित अंतर, मूळ आकाराच्या एक सप्तमांश इतका निश्चित लघुत्वाचा दर, एकसारखा प्रकाश, आणि प्रत्येक इसमाची दोनच चित्रे, एक समोरून व एक उजव्या बाजूने, हा त्याने घालून दिलेला दंडक आज जगभरातील पोलीस ठाण्यांतून थोड्याफार फरकाने पाळला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ तिच्यात आहे. बर्तियाँची ही चित्रे प्रशिक्षित अंमलदारासाठी होती. कान, नाक, कपाळ यांचा एकेक अवयव तपासून, तो आधीच्या नोंदीशी ताडून पाहणाऱ्या माणसाला ती द्यावयाची होती. म्हणूनच ज्या बाजूच्या दृश्यात कानाची घडण स्पष्ट दिसते त्याला त्याने एवढे महत्त्व दिले. सामान्य साक्षीदार असा अवयवशः विचार करीत नाही. त्याने रस्त्यावरच्या अर्धवट उजेडात, धावत्या, ओरडणाऱ्या, रागावलेल्या मनुष्याला काही क्षण पाहिलेले असते, आणि त्याच्यापुढे ठेवले जाते ते एकाच उजेडात, निर्विकार मुद्रेने, समोर पाहात बसलेल्या मनुष्याचे स्थिर चित्र. एका हेतूसाठी निर्माण झालेले साधन अगदी वेगळ्या हेतूसाठी वापरात आले, आणि ते त्या हेतूला कितपत योग्य आहे याची परीक्षा जवळजवळ शंभर वर्षे कोणी केली नाही.

प्रथम अंतराचा विचार करू. भिंगाच्या प्रकारामुळे चेहरा बदलतो असे सामान्यतः म्हटले जाते. वास्तविक चेहऱ्याचे प्रमाण बदलते ते कॅमेरा आणि चेहरा यांमधील अंतरामुळे. मनुष्याच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सेंटिमीटर धरली, तर कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असताना कान ४२ सेंटिमीटरवर पडतो, आणि नाक कानाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी मोठे उमटते. कॅमेरा ३ मीटरवर नेला की हाच फरक ४ टक्क्यांवर येतो. म्हणजे हातात धरलेल्या मोबाइलने स्वतःच काढलेल्या चित्रात चेहरा पुढे निमुळता, नाक ठळक आणि कान जवळजवळ लुप्त झालेले दिसतात, तर दुरून काढलेल्या चित्रात तोच चेहरा रुंद, सपाट आणि भरलेला दिसतो. याने ओळखीवर खरोखर परिणाम होतो की हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे, याची परीक्षा ब्रिटनमधील एली नॉइस आणि रॉब जेंकिन्स यांनी केली, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की केवळ हे अंतर बदलल्याने, अपरिचित मनुष्याची दोन चित्रे एकाच व्यक्तीची आहेत हे ओळखणे लोकांना अवघड जाते. आता विचार करावा की बँकेतील रोखपालाने दरोडेखोराला हातभर अंतरावरून पाहिलेले आहे, रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने पंधरा पावलांवरून पाहिलेले आहे, आणि दोघांनाही एकच चित्र दाखवले जात आहे. त्या चित्रातील चेहऱ्याची घडण या दोघांपैकी कोणाच्या अनुभवाशी जुळते, हा प्रश्न उलटतपासणीत विचारला जातो असे ऐकिवात नाही.

प्रकाशाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. चेहऱ्याचा आकार आपण मुख्यतः छायेवरून वाचतो. वरून पडणाऱ्या उजेडात भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली जी छाया पडते, तिच्याशी आपली दृष्टी जन्मापासून परिचित आहे, कारण सूर्य वर असतो; खालून उजेड टाकला की परिचित मुद्राही अनोळखी भासते. समोरून टाकलेला कॅमेऱ्याचा झगझगीत प्रकाश छाया पुसून टाकतो, आणि गालफडांची उंची, डोळ्यांची खोली, जबड्याची धार ही जी वैशिष्ट्ये साक्षीदाराच्या मनात राहिलेली असतात तीच नाहीशी होतात. आपल्या रस्त्यांवर जे पिवळे सोडियमचे दिवे दीर्घकाळ होते, आणि कित्येक गावांत अद्याप आहेत, त्यांच्या उजेडात पिवळा-नारिंगी रंगच प्रबळ असल्यामुळे त्याखाली लाल, निळा आणि हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. अशा उजेडात पाहिलेला सदरा कोणत्या रंगाचा होता हे सांगणारा साक्षीदार खोटे बोलत नसतो, परंतु तो पाहिलेल्यापेक्षा अधिक सांगत असतो. रात्रीच्या अंधारात अवरक्त किरणांवर चालणाऱ्या पाळतीच्या कॅमेऱ्यांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. कित्येक काळ्या कापडांचा रंग डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषून घेतो, पण अवरक्त प्रकाश परत फेकतो. त्यामुळे फिर्यादीने 'काळा शर्ट' असे जबानीत सांगितले आणि चित्रफितीत तो फिकट दिसला, तर त्या विसंगतीचा दोष फिर्यादीच्या माथी मारण्यापूर्वी कॅमेरा कोणत्या किरणांवर चालत होता हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात तर वर्णाचा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचा ठसा जमवण्यासाठी प्रयोगशाळांतून अनेक दशके एका गौरवर्ण स्त्रीचे चित्र प्रमाण म्हणून वापरले जाई. त्या चित्राला 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि गोऱ्या त्वचेला प्रमाण धरून बेतलेल्या त्या फिल्मवर काळ्या व सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे बुडून जात, याचा इतिहास लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासिकेने सविस्तर मांडला आहे. फिल्मचे युग संपले, परंतु दोष पूर्णपणे गेला नाही. शुभ्र पडद्यासमोर सावळ्या मनुष्याला बसवून स्वयंचलित मापनावर विसंबून चित्र काढले, की यंत्र पडद्याच्या चकाकीला भिऊन एकूण प्रकाश कमी करते, आणि चेहरा काळवंडून त्याच्या रेषा हरवतात. अशा सहा चित्रांत एकाच चित्राचा प्रकाश नीट साधला असेल, तर साक्षीदाराची नजर तेथेच खिळेल. गडदपणात नैतिक सूचनाही दडलेली असते. जून १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्सन याचे पोलिसांनी काढलेले एकच चित्र अमेरिकेतील दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापले. 'न्यूजवीक'ने ते होते तसे छापले, 'टाइम'ने ते अधिक काळे व छायामय करून छापले, आणि दोन्ही अंक दुकानांत शेजारी शेजारी आल्यावर जो क्षोभ उसळला त्याने सामान्य वाचकालाही कळून चुकले की त्वचेची छटा गडद करणे हा अभियोगाचाच एक प्रकार होऊ शकतो.

हे झाले चित्रासंबंधी. परंतु कोणताही दोष नसलेले चित्र दिले तरी अपरिचित चेहरा ओळखण्याची आपली शक्ती किती दुबळी आहे, हे मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जे दाखवले ते अस्वस्थ करणारे आहे. व्हिकी ब्रूस यांनी १९८२ साली दाखवले की अपरिचित चेहऱ्याचे तेच चित्र पुन्हा दाखवले तर लोक ते दहापैकी सुमारे नऊ वेळा ओळखतात, पण चेहऱ्याचा कोन आणि मुद्रा दोन्ही बदलली की हे प्रमाण दहापैकी सहांच्या आसपास उतरते. म्हणजे पहिल्या प्रसंगी लोक बऱ्याच अंशी मनुष्य ओळखत नव्हते, चित्र ओळखत होते. त्याच विदुषीने १९९९ साली सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात स्मृतीचा प्रश्नच काढून टाकला: चांगल्या प्रतीच्या चित्रफितीतील चेहरा आणि त्याच दिवशी काढलेल्या दहा छायाचित्रांची पंक्ती एकाच वेळी समोर ठेवून जोडी लावायला सांगितली, तरी सुमारे ३० टक्के उत्तरे चुकली. १९९७ साली रिचर्ड केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या एका मोठ्या दुकानातील रोखपालांपुढे छायाचित्र असलेली कार्डे ठेवली. दुसऱ्याच मनुष्याचे चित्र असलेली निम्म्याहून अधिक कार्डे त्यांनी स्वीकारली. व्यवसायाने हेच काम करणारे तरी याला अपवाद असतील अशी आशा होती, पण ऑस्ट्रेलियातील पारपत्र अधिकाऱ्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत त्यांनीही परक्याचे चित्र १४ टक्के वेळा त्याच मनुष्याचे म्हणून मान्य केले.

या सर्वांत मला जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ सालचा प्रयोग सर्वाधिक बोलका वाटतो. नेदरलँड्समधील दोन प्रसिद्ध व्यक्तींची प्रत्येकी २० अशी ४० चित्रे एकत्र मिसळून, ज्यांना त्या व्यक्ती ठाऊक नव्हत्या अशा ब्रिटिश लोकांपुढे ठेवली आणि एकेका व्यक्तीची चित्रे वेगळी करायला सांगितले. साधारणतः लोकांनी सात-आठ ढीग केले. त्यांच्या दृष्टीने त्या ४० चित्रांत सात-आठ माणसे होती. नेदरलँड्सच्या रहिवाशांनी मात्र, ज्यांच्या त्या व्यक्ती नित्य परिचयाच्या होत्या, बिनदिक्कत दोन ढीग केले. परिचित चेहऱ्याच्या बाबतीत आपण इतके निष्णात असतो की त्याच निष्णातपणाचे श्रेय अपरिचिताच्या ओळखीलाही देऊन बसतो. न्यायाधीश, पंच, फौजदार आणि साक्षीदार हे सर्वच या भ्रमात सहभागी असतात. शिवाय स्वतःच्या वंशगटाबाहेरचे चेहरे ओळखण्यात चूक अधिक होते, हेही १९६९ पासूनच्या अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे.

चित्र कसे काढले याइतकेच ते कसे मांडले यालाही महत्त्व आहे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बकहाउट यांनी १९७४ साली वर्णन केलेला प्रयोग या बाबतीत मूलभूत मानला पाहिजे. विद्यापीठाच्या आवारात १४१ लोकांदेखत एका प्राध्यापकावर हल्ल्याचा बनाव करण्यात आला, आणि सात आठवड्यांनी त्या साक्षीदारांना सहा चित्रांतून हल्लेखोर निवडायला सांगितले. ६० टक्के लोकांनी, ज्याच्यावर हल्ला झाला त्या प्राध्यापकांनीदेखील, चुकीचा मनुष्य निवडला. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांनी तर घटनास्थळी केवळ उभ्या असलेल्या निरपराध इसमाला हल्लेखोर ठरवले. परंतु प्रयोगाचा मार्मिक भाग पुढे आहे. चित्रांचे दोन संच होते. एका संचात सर्व चित्रे सरळ आणि एकसारखी लावलेली होती. दुसऱ्यात हल्लेखोराचे चित्र किंचित तिरके लावले होते आणि त्यातील मुद्रा इतरांहून वेगळी होती. हा दुसरा संच दाखवून, त्यासोबत 'यात हल्लेखोर आहे' असे सूचित करणारे शब्द उच्चारले, तेव्हा त्याची निवड सर्वाधिक, ६१ टक्के, झाली. येथे तिरके चित्र योगायोगाने खऱ्या हल्लेखोराचे होते. ते निरपराध्याचे असते तर काय झाले असते, हे वेगळे सांगावयास नको.

एकसारखेपणा आणण्याच्या नादात मात्र उलट टोकही गाठले जाते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०१७ साली बँकांवर पडलेल्या दरोड्यांच्या तपासात, ज्या इसमावर संशय होता त्याच्या चेहऱ्यावर ठळक गोंदण होते, पण एकाही रोखपालाने चेहरेपट्टी सांगताना गोंदणाचा उल्लेख केला नव्हता. तेव्हा पोलिसांनी संगणकावर त्याच्या चित्रातील गोंदण पुसून ते चित्र साक्षीदारांना दाखवले. गोंदण ठेवले असते तर त्या चित्राकडे बोट दाखवल्यासारखे झाले असते, हा पोलिसांचा युक्तिवाद ऐकण्यास बरा वाटतो. परंतु साक्षीदारांनी जे वैशिष्ट्य सांगितले नाही ते संशयिताच्या चेहऱ्यावर असणे, हाच त्याच्या निर्दोषत्वाचा एक पुरावा होता, आणि तो पुरावा पुसून टाकल्यावर उरलेले चित्र कोणाचे होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. सोबतच्या सर्वांच्या चेहऱ्याचा तोच भाग झाकणे हा त्याहून प्रामाणिक मार्ग आहे.

आता सर्वांत मोठ्या अनर्थाकडे वळू. छायाचित्र एकदा पाहिले की ते स्मृतीत शिरते, आणि नंतर साक्षीदाराला मूळ मनुष्य कोणता आणि चित्रातला कोणता हे वेगळे करता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सिमन्स खटल्यात हा धोका स्पष्ट शब्दांत ओळखला होता, जरी आरोपीची शिक्षा त्याने कायम ठेवली; १९७७ साली ब्राउन, डेफनबाकर आणि स्टर्जिल यांच्या प्रयोगाने त्याला पुष्टी दिली, की चेहरा कोठेतरी पाहिला आहे हे लोकांना आठवते, पण कोठे पाहिला हे आठवत नाही. रोनाल्ड कॉटन याचे आयुष्य या एका वाक्यात सामावले आहे. १९८४ साली उत्तर कॅरोलायनात बलात्काराला बळी पडलेल्या एका विद्यार्थिनीने, पुढे ओळखता यावा म्हणून, हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक न्याहाळून ठेवला होता. तिच्यापुढे सहा चित्रे ठेवण्यात आली, तिने काही मिनिटे विचार करून कॉटनचे चित्र निवडले, आणि पुढे प्रत्यक्ष ओळखपरेड झाली तेव्हा चित्रांत आणि परेडीत अशा दोन्ही ठिकाणी असलेला एकमेव मनुष्य कॉटन होता. तिने चित्रातील मनुष्य बरोबर ओळखला. हल्लेखोर मात्र दुसराच होता, आणि तो न्यायालयात समोर आणला गेला तेव्हा त्याला आपण पूर्वी कधी पाहिले नाही असे तिने शपथेवर सांगितले. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ साली डीएनए तपासणीने कॉटनची सुटका झाली. अमेरिकेत अशा तपासणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख हे एक कारण होते.

न्यायालये या धोक्याला तोंड कसे देतात? अमेरिकेत १९७२ च्या बिगर्स आणि १९७७ च्या ब्रेथवेट या निर्णयांनी असे ठरवले, की ओळखीची पद्धत सूचक असली तरी साक्षीदाराने किती वेळ पाहिले, किती लक्षपूर्वक पाहिले, किती खात्रीने सांगितले इत्यादी गोष्टींवरून तिची विश्वसनीयता पडताळावी; ब्रेथवेट प्रकरणात तर एकच चित्र दाखवले गेले होते, तरी ती ओळख ग्राह्य ठरली. या कसोटीत एक मूलभूत दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ साली दाखवले, की चुकीची निवड केलेल्या साक्षीदाराला 'ठीक, तुम्ही संशयितालाच ओळखलेत' एवढे एक वाक्य ऐकवले की त्याची खात्री तर वाढतेच, पण आपण चेहरा किती स्पष्ट पाहिला होता याची आठवणदेखील वाढते. म्हणजे ज्या खुणांवरून न्यायालय पद्धतीचा दोष मोजू पाहते, त्या खुणाच त्या दोषाने रंगलेल्या असतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेंडरसन खटल्यात हे मान्य करून नवी चौकट घातली, हे त्या न्यायालयाचे मोठे श्रेय होय.

सुधारणेचे उपाय आता बरेचसे निश्चित झाले आहेत. चित्रे दाखवणाऱ्या अंमलदाराला संशयित कोण हे ठाऊक नसावे. त्यात गुन्हेगार असेल वा नसेल असे साक्षीदाराला आधीच सांगावे. पहिल्या निवडीच्या क्षणीच त्याची खात्री त्याच्या शब्दांत लिहून घ्यावी, आणि सर्व प्रसंगाचे चित्रण करावे. चित्रे एकत्र दाखवावीत की एकेक करून, हा वाद १९८५ पासून चालू आहे आणि अद्याप मिटलेला नाही. त्याला आवश्यकतेपेक्षा अधिक महत्त्व मिळाले आहे. इंग्लंडने अधिक मूलगामी पाऊल टाकले: तेथे साध्या चित्राऐवजी डोके एका बाजूकडून दुसरीकडे वळवणाऱ्या मनुष्याची छोटी चित्रफीत दाखवतात, आणि संशयितासोबत निदान आठ अन्य लोकांच्या अशाच फिती असतात. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी आता साक्षीदाराला संगणकावर चेहरा स्वतः फिरवून, ज्या कोनातून गुन्हेगाराला पाहिले त्या कोनात आणून पाहण्याची सोय केली आहे, आणि तिने अचूकता वाढते असे त्यांचे निष्कर्ष आहेत. बर्तियाँच्या दोन स्थिर चित्रांपासून सुरू झालेली परंपरा येथे प्रथमच साक्षीदाराच्या गरजेनुसार वाकलेली दिसते.

दुसरीकडे, पाळतीचे कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली यांनी जुन्या चुकीला नवे बळ दिले आहे. भिंतीवर उंच बसवलेल्या रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात कपाळ मोठे आणि हनुवटी लहान दिसते. जुन्या प्रमाणाची चित्रफीत नव्या रुंद पडद्यावर ताणून दाखवली तर चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. आणि मोबाइलवरून पुढे धाडलेल्या चित्रात आकुंचनामुळे त्वचेवरील व्रण व तीळ नाहीसे होतात. डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स याला त्याच्या घरासमोर, मुलींच्या देखत अटक झाली ती दुकानातील पाळतीच्या चित्राशी संगणकाने त्याच्या जुन्या वाहनपरवान्याचे चित्र जुळवल्यामुळे. पुढे ज्या व्यक्तीला सहा चित्रे दाखवून ओळख पटवण्यात आली, तिने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, केवळ तीच चित्रफीत पाहिली होती. चित्राची साक्ष चित्रानेच दिली. संगणकाने हजारो लोकांतून सर्वांत सारखा चेहरा शोधून काढल्यावर तो साक्षीदाराला सारखा वाटणे हा स्वतंत्र पुरावा नव्हे, हे तत्त्व २०२४ सालच्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांच्या नियमांत आले.

याचा अर्थ छायाचित्र न्यायालयातून हद्दपार करावे असा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबास्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर या वृत्तछायाचित्रकारांनी प्राण धोक्यात घालून टिपलेली चित्रे दहशतवादी कसाबच्या खटल्यात निर्णायक ठरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु ती चित्रे कृत्याची होती. ती काढणारे स्वतः शपथेवर साक्ष देण्यास उभे होते, आणि ती कोठून, केव्हा, कशी काढली हे उलटतपासणीत विचारता येत होते. ठाण्यातील चित्रसंग्रहाच्या बाबतीत यांपैकी काहीच घडत नाही.

आपल्याकडील स्थिती अशी आहे. लक्ष्मीपत चोरडिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या, सोन्याच्या चोरट्या आयातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच भेद केला, की अनेक चित्रे पुढे ठेवून संशयिताचे निवडायला सांगणे योग्य, पण एकच चित्र दाखवून 'हाच का तो?' असे विचारणे अयोग्य. २००४ साली डी. गोपालकृष्णन् प्रकरणात, चित्रांखाली नावे लिहिलेला संग्रहच साक्षीदारांपुढे ठेवण्यात आला होता, असे आढळल्यावर न्यायालयाने त्या ओळखीवर विसंबण्यास नकार दिला; त्याच निर्णयात, तपासाच्या अवस्थेत चित्रे दाखवण्याबाबत कायद्यात मार्गदर्शक नियम नाहीत, हेही नमूद केले. प्रत्यक्ष ओळखपरेडीची गोष्ट वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत तिच्याविषयी बारीकसारीक सूचना आहेत: एका आरोपीसाठी निदान सहा, दोघांसाठी दहा ते बारा सारख्या दिसणाऱ्या इसमांची रांग असावी, पोलीस तेथे नसावेत, पंच असावेत. तालुक्याच्या ठिकाणी नायब तहसीलदार परेड घेतात, आरोपीला तोंड झाकून आणतात, त्याला रांगेत हवी ती जागा घेऊ देतात, आणि या सर्वांचे रीतसर टिपण होते. एवढी काळजी परेडीची, आणि त्याच साक्षीदाराने आठ दिवस आधी हवालदाराच्या मोबाइलवर पाहिलेल्या चित्राची नोंद मात्र कोठेही नाही. मग ती सारी काळजी व्यर्थ जाते, कारण परेडीत तो मनुष्य ओळखत नाही, आठवड्यापूर्वीचे चित्र ओळखतो.

म्हणून उच्च न्यायालयाने आणि गृहखात्याने परेडीच्या नियमांना जोडूनच छायाचित्रांचे नियम करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साक्षीदाराला दाखवलेले प्रत्येक चित्र, न निवडलेल्यांसह, मूळ स्वरूपात मुद्देमालाप्रमाणे जतन व्हावे. ते केव्हा, किती अंतरावरून, कोणत्या उपकरणाने काढले आणि त्यात संगणकावर कोणता फेरफार केला याचे टिपण सोबत असावे. ते कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत दाखवले याचे चित्रण व्हावे. आणि ज्याला एकदा चित्र दाखवले त्या साक्षीदाराची पुढील ओळखपरेड घेतली तर ती हकीकत परेडीच्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहिली जावी. आज ठाण्याठाण्यात कॅमेरे आहेत आणि प्रत्येक अंमलदाराच्या खिशात मोबाइल आहे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक परिपत्रक लागते.